पोपटाची काळजी पुरुष आणि बायका वेगवेगळी घेतात का?

नाही जी, पोपट ज्याच्या हातून रोज खातो त्याचाच होतो, बाई असो का माणूस. नागपूरच्या महाल भागात माझं पक्ष्यांच्या दाण्याचं दुकान आहे, तिथं दिसते ते एवढंच की पिंजरा, झोका, खेळणी असली हौसेची खरेदी भाऊ लोक करतात आणि वाट्या धुणं, खालचा कागद बदलणं काकूंच्या गळ्यात पडते, पण ती घरकामाची वाटणी झाली, मायेचा फरक नाही. चुका दोघंही सारख्याच करून राहिले:
- नुसतं सूर्यफूल चारणं, चरबी वाढते
- पिंजरा स्वयंपाकघरात टांगणं; रिकामा नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरू शकतो
- मे महिन्यात 45 डिग्रीत बाल्कनी. चोच उघडी अन् पंख अंगापासून दूर धरलेले दिसले की लगेच सावलीत घ्या

फक्त हे बजरीगर, कॉकटील या परदेशी छोट्या पोपटांबद्दल सांगतोय. आपला देशी हिरवा, गळ्यात कंठवाला पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, जखमी सापडला तर सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (वन विभागाचं जखमी वन्यजीवांचं उपचार केंद्र) नेऊन द्या.