वाचकांचे प्रश्न : जुनी मोटार-इंजिने संग्रहालयात पोहोचवताना

प्रश्न : माझ्या वडिलांनी हयातभर जुन्या मोटारींची इंजिने जमवली. त्यांच्या पश्चात ती खानापूरजवळच्या आमच्या शेतातील पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. पुण्याजवळच्या एका संग्रहालयाने त्यांपैकी चार इंजिने भेट म्हणून स्वीकारण्याचे मान्य केले आहे : फोर्ड मॉडेल टीचे गिअरबॉक्ससह असलेले इंजिन, मॉडेल एचे एक, शेव्हरोलेचे सहा सिलिंडरचे आणि विलीज जीपचे. शेव्हरोलेचे इंजिन आजोबांनी काही वर्षे गुऱ्हाळाला जोडले होते; त्यावर बसवलेली पुली अजून तशीच आहे. गावातील मिस्त्रींचे म्हणणे असे की, ही पुली काढून, सर्व इंजिनांना वायर ब्रश मारून आणि रंग देऊन ती ‘नव्यासारखी’ करून द्यावीत. गणपतीपूर्वी टेम्पोने पाठवण्याचा विचार आहे. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : पहिली विनंती अशी की वायर ब्रश, रंग आणि पुली या तिन्ही बाबतींत मिस्त्रींना थांबवावे. त्यांचा हेतू चांगला आहे आणि गाडी रस्त्यावर आणायची असती तर त्यांचा सल्ला योग्यही ठरला असता. परंतु संग्रहालयाला हवे असते ते इंजिनाने पाहिलेले आयुष्य, आणि ते त्याच्या पृष्ठभागावरच लिहिलेले असते. फोर्डच्या अनेक ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर) ओतकामाची तारीख उठलेली असते. मॉडेल टीचा क्रमांक डाव्या बाजूस, पाणी आत येण्याच्या तोंडाच्या वर ठोकलेला असतो. आपल्याकडे आलेल्या बहुतेक फोर्ड मोटारी कॅनडात तयार झालेल्या असत आणि त्या इंजिनांच्या क्रमांकाआधी सी हे अक्षर आढळते. शेव्हरोलेचे सहा सिलिंडरचे इंजिन १९२९ सालच्या मॉडेलपासून आले आणि त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९२८ मध्ये, जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे गाड्या जुळवण्याचा कारखाना सुरू केला होता. आपले इंजिन तेथून बाहेर पडलेल्या गाडीचे आहे का, हे सांगणारी एखादी पट्टी, रंगाचा पापुद्रा किंवा ठोकलेला आकडा वायर ब्रशखाली दोन मिनिटांत नाहीसा होईल, आणि मग तो प्रश्न कोणालाच सोडवता येणार नाही.

पुलीबद्दल तर माझे मत अधिक ठाम आहे. मोटारीतून उतरलेले इंजिन गुऱ्हाळाला, पिठाच्या गिरणीला किंवा विहिरीवरच्या पंपाला जोडणे हा आपल्या भागातील शेतकऱ्यांच्या कल्पकतेचा इतिहास आहे. ती पुली कोणी बसवली, त्यासाठी फ्लायव्हीलला भोके कोठे पाडली, पट्टा कोणत्या बाजूने जात असे, हे सारे त्या लोखंडावर दिसते. बेळगावात १८८८ साली सायकलीच्या दुकानापासून सुरुवात करून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवले, त्याच मातीतली ही खटपट आहे. पुलीसकट शेव्हरोले द्यावे आणि आजोबांच्या गुऱ्हाळाची हकीकत घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून घेऊन सोबत जोडावी. त्या काळचा एखादा फोटो सापडला तर त्याची प्रत अवश्य द्यावी.

जागचे हलवण्यापूर्वी प्रत्येक इंजिनाचे चारही बाजूंनी, वरून आणि शक्य असल्यास खालून फोटो काढावेत. आधीच असलेल्या भेगा, तुटलेले कान (बोल्ट बसवण्याच्या बाहेर आलेल्या जागा), गंजलेले भाग आणि नसलेले सुटे भाग यांची नोंद करून त्यावर आपली आणि संग्रहालयाच्या प्रतिनिधीची सही घ्यावी. पुढे वाटेत काही मोडले तर तंटा होऊ नये म्हणून हीच नोंद उपयोगी पडते.

त्यानंतर तेल, पाणी आणि पेट्रोल काढावे. कार्बुरेटरची वाटी आणि पेट्रोल पंपाची काचेची वाटी विसरली जाते; त्यात राहिलेले थोडेसे पेट्रोलही बंद टेम्पोत धोक्याचे असते. ब्लॉकच्या पाण्याच्या पोकळीत साठलेला गाळ तोटी उघडूनही बाहेर येत नाही, म्हणून तोटीत तार घालून ती मोकळी करावी. जुने तेल गटारात किंवा बांधावर न ओतता जुने तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावे; मात्र त्यातले अर्धी वाटी तेल बाटलीत भरून, इंजिनाचे नाव लिहून संग्रहालयाकडे पाठवावे, कारण त्यातील धातूच्या कणांवरून बेअरिंगची अवस्था कळू शकते. हेड आणि मॅनिफोल्डच्या जुन्या गॅस्केटमध्ये, तसेच सायलेन्सरच्या पाइपावर गुंडाळलेल्या दोरीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते खरवडू नये, त्यावर ब्रश फिरवू नये. सुटा होत असलेला भाग पाण्याने ओलसर करून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा.

आता उचलण्याविषयी. बहुतेक नुकसान रस्त्यावर होत नाही, ते शेडच्या दारात होते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दाबाला भक्कम असते, पण ताण आणि धक्का यांना कच्चे असते; बेळगावच्या उद्यमबागेतील कोणत्याही फाउंड्रीतील कामगार हे सांगेल. म्हणून दोर मॅनिफोल्डला, वॉटर पंपाला किंवा कार्बुरेटरला कधीही बांधू नये. ब्लॉकच्या भोवती रुंद कापडी पट्टा घालावा आणि चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) घोडीला किंवा हायड्रा क्रेनला लावून सावकाश उचलावे. दोन पट्ट्यांनी उचलताना त्यांचा कोन फार पसरू देऊ नये. ३०० किलोचे ओझे दोन पट्ट्यांवर असेल आणि पट्टे आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असतील, तर प्रत्येकावर सुमारे १७३ किलो ताण येतो. तेच पट्टे पसरून ३० अंशांवर आले, तर प्रत्येकावर पूर्ण ३०० किलो येतो. डोळ्यांना दोन्ही बांधण्या सारख्याच भासतात, म्हणून हा हिशेब आधीच करावा.

मॉडेल टीला वेगळी दक्षता लागते. त्याचे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच लांबलचक पत्र्याच्या चेंबरवर (खालच्या तेलाच्या पात्रावर) बसवलेले असतात आणि हा सारा संच गाडीत तीनच ठिकाणी टेकलेला असतो : पुढे एक आणि मागे दोन हात. हे चेंबर जमिनीवर टेकवून ठेवले तर वाकते, आणि वाकल्यावर आतील मांडणीची सरळ रेषा बिघडते. वर्षानुवर्षे ते विटांवर ठेवले असेल तर विटांच्या खुणांचेही फोटो घ्यावेत. प्रवासासाठी बाभळीच्या किंवा तत्सम कठीण लाकडाचा सांगाडा करावा आणि त्याच तीन जागी आधार द्यावा. इतर तीन इंजिनांनाही गाडीतील मूळ बैठकांवरच टेकवावे. चेंबरवर भार मुळीच नसावा. सांगाड्याखाली ट्रॉलीच्या काट्यांना जागा राहील इतके ठोकळे ठोकावेत, म्हणजे पुण्यात उतरवताना पहारी घालाव्या लागणार नाहीत.

डिस्ट्रिब्युटरची टोपी, मॅग्नेटो, कार्बुरेटर आणि काचेच्या वाट्या हे भाग सहज सुटत असतील तरच काढून कापडात गुंडाळून वेगळ्या पेटीत ठेवावेत आणि प्रत्येकाला सुतळीने चिठ्ठी बांधावी. नट जाम असेल तर भाग तसाच राहू द्यावा आणि त्याच्याभोवती लाकडी चौकट करावी. उघडी राहिलेली तोंडे स्वच्छ कापडाच्या बोळ्याने बंद करावीत. मूळ रंगावर चिकटपट्टी लावू नये, कारण ती निघताना रंग घेऊन निघते.

गणपतीपूर्वी पाठवण्याचा विचार मात्र सोडावा, असे मी कळकळीने सांगतो. हवेतील आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावरचा गंज वेगाने वाढतो, आणि खानापुरातील पावसाळ्याची हवा आपण जाणताच. त्या दिवसांत प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेले इंजिन आतल्या आत घामेजते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस निवडावेत, शेडमध्ये दोन-तीन दिवस उन्हाची हवा खेळू द्यावी, गंजरोधक कागद गुंडाळून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि वरून ताडपत्री घालावी. पहाटेचे धुके असताना गाडी भरू नये.

बांधणीसाठी दोराऐवजी खटक्याचे (रॅचेट) पट्टे वापरावेत. युरोपातील नियमांत पुढच्या दिशेने वजनाच्या ८० टक्के आणि बाजूला व मागे ५० टक्के इतका जोर पेलेल अशी बांधणी धरतात. तोच हिशेब आपणही धरावा. वंटमुरी आणि तवंदी घाटातील उतारावर अचानक ब्रेक लागला की त्या ८० टक्क्यांचा अर्थ कळतो. सांगाडे टेम्पोच्या पुढच्या भिंतीला भिडवून ठेवावेत, मधल्या फटीत लाकूड भरावे आणि निपाणीला थांबून पट्टे पुन्हा ताणावेत, कारण पहिल्या तासाभरात ते हमखास सैल पडतात.

देशांतर्गत रस्त्यावरील मालाचा विमाही आपल्याकडे ‘मरीन’ या नावानेच मिळतो. त्यात सर्व जोखमींचे कलम ए मागावे. कलम बी आग, वीज, पूल कोसळणे, टक्कर आणि गाडी उलटणे अशा मोजक्या गोष्टींपुरतेच असते. चढवता-उतरवताना इंजिन निसटले तर त्यात भरपाई मिळत नाही. अपुऱ्या बांधणीमुळे झालेले नुकसान मात्र कलम एमध्येही नाकारले जाते. मालाचे मूल्य ५०,००० रुपयांहून अधिक असेल तर राज्याची सीमा ओलांडताना ई-वे बिल (मालवाहतुकीचे जीएसटी-पत्रक) लागू शकते. संग्रहालय जीएसटीखाली नोंदणीकृत असेल तर ते त्यांच्याकडूनच काढून घ्यावे, नसेल तर वाहतूकदार काढू शकतो. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते, म्हणजे आपल्या प्रवासाला दोन दिवस मिळतील. संग्रहालयाचे स्वीकारपत्र आणि इंजिनांची क्रमांकांसह यादी चालकाजवळ असावी. यादी मराठीबरोबर कन्नड आणि इंग्रजीतही केली तर राज्याच्या सीमेवरील कोगनोळीपर्यंत कोणी अडवले तरी चालकाला खुलासा करणे सोपे जाईल.

प्रश्न : आमच्याकडील जुने इंजिन जाम आहे. देण्यापूर्वी डिझेल ओतून, हँडल मारून ते मोकळे करावे का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : करू नये. जाम इंजिनात बहुधा रिंगा सिलिंडरला गंजाने धरलेल्या असतात किंवा व्हॉल्व्ह अडकलेले असतात. जोर लावला तर रिंग तुटते, सिलिंडरवर ओरखडा उठतो, क्वचित कनेक्टिंग रॉडही वाकतो. ‘फिरत नाही’ एवढी नोंद करून ते तसेच द्यावे.

प्रश्न : माझ्या नावावरील जुन्या जीपचे मूळ पेट्रोल इंजिन संग्रहालयाला देऊन तिला डिझेल इंजिन बसवायचे आहे. चालेल का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्यासाठी आरटीओची मंजुरी आणि आरसी पुस्तकात नोंद आवश्यक आहे, तसे न करता इंजिन दिले तर पुस्तकातील क्रमांक आणि गाडीतील क्रमांक जुळणार नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला २०,००० रुपये शुल्क भरून व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, आणि मूळ इंजिन गेले की ‘मूळ रूपात’ हा दावा टिकवणे अवघड होईल. मूळ इंजिन आणि आपली जीप यांची ताटातूट करण्याऐवजी संपूर्ण जीप ठरावीक मुदतीसाठी उसनी देता येईल का, हे संग्रहालयाला विचारावे. उसनवारीच्या करारात मुदत, विमा कोणी भरायचा आणि परत आणण्याचा खर्च कोणाचा, या तीन गोष्टी लेखी असाव्यात.