ओटीपोटात आठ महिने दुखतंय, सोनोग्राफी नॉर्मल. रोज शंभर केगेल करूनही फरक का नाही?

आधी केगेल, म्हणजे खालचे स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम, बंद करा. आजपासून.

तुम्ही लिहिलंय की बसलं की दुखणं वाढतं, संबंधांनंतर दिवसभर ठणका लागतो, लघवीला सारखं जावंसं वाटतं आणि डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे. मी पेल्विक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंची फिजिओथेरपी करते, आणि 'खाली दुखतंय? केगेल करा' या सल्ल्यावर आमच्याच क्षेत्रातल्या लोकांशी माझी वर्षानुवर्षं जुंपलेली आहे. डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी, लघवी गळते म्हणून. दुखण्यावरचा सरसकट उपाय म्हणून नाही.

समोरच्या हाडापासून माकडहाडापर्यंत हे स्नायू झोळीसारखे ताणलेले असतात. योनीमार्गातून बोटाने तपासताना 'आवळा' म्हटलं की बोटाला जेमतेम हालचाल लागते, आणि कागदावर शेरा पडतो: ताकद कमी. अहो, मूठ आधीच घट्ट वळलेली असेल तर ती आणखी किती वळणार? 'आता सोडा' म्हणून बघा, काहीच सुटत नाही. मग बोट जरा बाजूच्या भिंतीवर दाबलं की बाई दचकून म्हणते, 'हेच! हेच ते दुखणं!' सोनोग्राफीत गाठ दिसते, सिस्ट दिसते. स्नायूचा ताठरपणा, दबलेली नस, वरवरचं एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) नेहमीच्या सोनोग्राफीत दिसत नाही. शिवाय दुखणं महिनोन्महिने चाललं की मज्जारज्जू आणि मेंदू साध्या संवेदनेचंही दुखणं करून पाठवायला लागतात. दुखणं खरंच असतं. त्याला 'टेन्शन' म्हणून घरी पाठवणं हा निष्काळजीपणा आहे.

तुम्हाला शिकायचंय ते सोडणं. पाठीवर झोपा, पिंढऱ्या खुर्चीवर ठेवा, तळहात खालच्या बरगड्यांवर. नाकाने चार आकडे श्वास घ्या. बरगड्या बाजूला पसरतात, पोट उचलतं आणि खालची झोळी आपोआप खाली उतरते. लघवी सुरू होताना जे सुटतं, तीच जाणीव. सहा आकडे मोजत श्वास सोडा, पण तेव्हा आवळू नका. सकाळ-रात्र पाच-पाच मिनिटं. बहुतेक जणी इथे दोन चुका करतात: पोट आत ओढून धरतात, नाहीतर शौचाला बसल्यासारखा जोर लावतात. जोर लावला की स्नायू उलट आणखी आवळतो. योगवर्गात मूलबंध (खालचे स्नायू आवळून वर ओढणं) करत असाल तर तोही सध्या नको.

कमोडवर पायाखाली वीतभर उंचीचा पाट ठेवा, पुढे झुका, कुंथू नका. बद्धकोष्ठ असेल तर एक मोठा चमचा इसबगोल पेलाभर पाण्यात, कालवल्याबरोबर प्या आणि वर आणखी पाणी. बाहेर पडण्याआधी 'असू दे म्हणून' लघवीला जायची सवय सोडा, नाहीतर मूत्राशय थोडं भरलं तरी ओरडू लागतं. दोन लघव्यांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत तीन तासांवर आणा. अर्ध्या तासाहून जास्त सलग बसू नका.

दोन महिने वही ठेवा: पाळीची तारीख, दुखणं दहापैकी किती, लघवी, शौच, संबंध. पाळीबरोबर वाढत असेल तर एंडोमेट्रिओसिसची चौकशी झालीच पाहिजे. बसल्यावर जळजळ, उभं राहिल्यावर किंवा कमोडवर आराम, असं असेल तर प्युडेंडल नसेचा, म्हणजे या खालच्या भागाला संवेदना देणाऱ्या नसेचा संशय घ्यायचा. काहींना डॉक्टर रात्री अॅमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅमपासून सुरू करतात. नैराश्याचं औषध म्हणून घाबरू नका, इथे ते नसांसाठी असतं. फक्त त्याने सकाळी गुंगी आणि बद्धकोष्ठ होऊ शकतं, म्हणून शौचाकडे लक्ष ठेवा.

हे आधी सांगायला हवं होतं: आतून तपासल्याशिवाय तुमचे स्नायू ताठच आहेत असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. आणि लघवी खरोखर गळत असेल, दुखणं नसेल, तर केगेल उत्तमच. ताप, लघवीतून किंवा शौचातून रक्त, वजन उतरणं, पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणं यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर. मांड्यांमधली जागा बधिर झाली, लघवी अडली, किंवा पाळी चुकलेली असताना एकदम जोराची कळ आली, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयही असा छुपा दुखतो, त्याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना स्वतःहून विचारा.