पार्टनरशी बोलीचं सगळं आधीच ठरलेलं असेल, तर ब्रिज या पत्त्यांच्या खेळात स्वतःच्या अंदाजाला जागा उरते का?

भरपूर उरते. पार्टनरशी केलेल्या करारामुळे बोलीचा अर्थ ठरतो, निर्णय तुमचाच. समजा, एक नोट्रम्प (हुकूम न ठेवता खेळायची बोली) म्हणजे हातातल्या मोठ्या पानांचे 15 ते 17 पॉइंट असं ठरलंय आणि तुम्ही ती बोली लावलीत. पार्टनर 8-9 पॉइंटवर दोन नोट्रम्प बोलला, म्हणजे 'हात चांगला असेल तर तीनवर जा' असं सुचवलं, आणि तुमच्याकडे नेमके 16 आहेत. आता? किलवरची पाच पानं आणि जोडीला एकदोन दश्श्या असतील, तर मी बेधडक तीन नोट्रम्प बोलेन. 4-3-3-3 वाटणी (एका रंगाची चार, बाकीच्यांची तीन-तीन पानं) आणि विखुरलेल्या राण्या-गुलाम असतील तर पास.

मात्र ठरलेला अर्थ सोयीनुसार वाकवू नका. 13 पॉइंटवर 'चालून जाईल' म्हणत एक नोट्रम्प बोललात, की पार्टनरचा पुढचा सगळा हिशेब कोलमडतो, आणि तो तुमच्या बोलीवर विश्वास ठेवणंच सोडतो. शिवाय, प्रतिस्पर्ध्यांनी विचारलं तर करार त्यांनाही सांगावाच लागतो.