पेजेवर वाढलेल्यांच्या अंगावर ही चरबी आली कुठून?

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. माझं वय ५१. आम्ही डिचोली तालुक्यातले. लग्नात माझं वजन ४३ किलो होतं, आता ७१ आहे. उंची १५० सेंटिमीटर. आमचे हे खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकावा लागला, आता एका दुकानात बसतात. ते दिसायला बारीकच. वजन ६१, उंची १६५, फक्त पोट थोडं पुढे. तरी गेल्या चवथीच्या आधी साखर निघाली ती त्यांनाच. पेपरात वाचलं की जगात शंभर कोटींवर माणसं लठ्ठ झाली आहेत. लठ्ठपणा हा श्रीमंतांचा आजार ना? मी तर सकाळी पेज आणि दुपारी शीत-कडी यावरच वाढले. आजही सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवते. जाऊबाई म्हणतात, ही लपून खाते. मुलगी २६ वर्षांची, माझ्याच बांध्याची. तिला बघायला आलेल्यांनी दोनदा ‘अंगाने जास्त आहे’ म्हणून नकार कळवला. तेव्हापासून ती रात्रीची जेवत नाही. आमचं चुकलं कुठे?
— एक वाचक भगिनी, डिचोली

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. तुमचं चुकलेलं नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. त्यामागे कारणं आहेत आणि ती नीट सांगायला मला जरा जागा लागेल.

पेपरातला आकडा खरा आहे. २०२२ सालची जगभरातली मोजमापं एकत्र केली, तेव्हा लठ्ठ माणसांची संख्या १०० कोटींच्या पुढे गेलेली दिसली. म्हणजे दर आठ माणसांत एक. १९९० पासून मोठ्या माणसांतलं प्रमाण दुपटीहून अधिक झालं, मुलांमधलं चौपट. पण हा श्रीमंतांचा आजार, हे आता खरं राहिलेलं नाही. अमेरिकेत पाच प्रौढांत दोन लठ्ठ आहेत, तरी यादीत सगळ्यात वर अमेरिका नाही. वर आहेत ती प्रशांत महासागरातली टोंगा, नौरू यांच्यासारखी बेटं. त्यातल्या नौरूची गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण तुम्ही खाणपट्ट्यातल्या आहात.

नौरू हा जेमतेम २१ चौरस किलोमीटरचा देश. आपला एखादा मोठा गाव असावा तेवढा. तिथली माणसं मासे, नारळ आणि रानातल्या फळांवर जगत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे फॉस्फेट सापडलं. परक्यांनी ते खणून दूरदेशी शेतांना खत म्हणून नेलं. १९६८ साली देश स्वतंत्र झाला, खाणीचा पैसा घरात आला, आणि काही वर्षं नौरूचे लोक जगातल्या सर्वांत श्रीमंत लोकांत मोजले गेले. पण बेटाचा मधला सगळा भाग खणून खडक उघडे पडले होते. तिथे काही पिकेना. मग बोटीने तांदूळ, साखर, मैदा आणि डब्यातलं मांस येऊ लागलं. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियाचे डॉ. पॉल झिमेट तिथे तपासणीला गेले, तर सुमारे एकतृतीयांश प्रौढांना मधुमेह निघाला. पुढे फॉस्फेट संपलं, पैसाही संपला. बोटीतून येणारं अन्न मात्र राहिलं, कारण दुसरं अन्नच उरलं नव्हतं.

आता तुमचा तालुका डोळ्यांसमोर आणा. माझा दवाखाना गेली २८ वर्षं याच भागात आहे, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खनिज चीनला गेलं. पावसाबरोबर खाणीवरची लाल माती शेतात उतरली. ज्या घरांत भात, डोंगरउतारावर नाचणी आणि मळ्यात अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), कुळीथ पिकायचे, त्या घरांनी बँकेचं कर्ज काढून ट्रक घेतला. ज्या बायका वाफ्यातली तांबडी भाजी उपटायच्या त्या भाजी विकत आणू लागल्या, तीही कमीच, कारण ती महाग. यजमान दिवसाचे बारा-बारा तास स्टिअरिंगवर बसले. रांगेत ट्रक उभा असताना गोड चहा आणि भजी-पाव. २०१२ ला खाणी थांबल्या, २०१८ ला पुन्हा थांबल्या. पैसा गेला, पण शेत परत आलं नाही. चहा आणि पाव तेवढे राहिले. घरात ताण होता, झोप नव्हती, हेही मी या हिशेबात धरते, कारण अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

खेड्यात कष्ट असतात, तिथे वजन कुठे वाढतं, असं शहरातली माणसं मला अजून म्हणतात. पण १९८५ ते २०१७ या काळात जगात माणसांचं वजन उंचीच्या मानाने जेवढं वाढलं, त्यातली ५५ टक्क्यांहून अधिक वाढ खेड्यांतली होती.

आता तुमचे यजमान. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा येतो त्याला बीएमआय म्हणतात. त्यांचा येतो २२.४. कागदावर उत्तम. मग साखर कशी? याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी शोधलं. २००४ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघेही सडपातळ, दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! वरून बारीक आणि आतून चरबी, हा आपल्याकडच्या लोकांचा बांधा आहे आणि तो आईच्या पोटात असल्यापासूनचा आहे. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, आतली इंद्रियं लहान; चरबी मात्र त्या मानाने राखलेली. आईला खायला कमी मिळालं की गर्भ मेंदू वाचवतो, स्नायूंवर काटकसर करतो आणि चरबी साठवायला शिकतो. पुढे त्याच बाळाच्या ताटात मैदा-साखर पडली की ते शिकलेलं कामाला लागतं.

तेव्हा पेज खाऊन वाढणं आणि पन्नाशीत वजन वाढणं यांत विरोध नाही, ताई. पहिल्यामुळे दुसऱ्याची वाट सोपी झाली. म्हणूनच आपल्याकडे बीएमआयची रेघ खाली ओढली आहे : जगात २५ ला जास्त वजन आणि ३० ला लठ्ठपणा धरतात, आपण २३ आणि २५ धरतो. आणि कंबर मोजायची. बाईची ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषाची ९० च्या आत. यजमानांची मोजा, मला वाटतं नव्वदच्या वर निघेल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहात गोवा पहिला होता, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या ३६.१ टक्के बायकांचं वजन जास्त निघालं, देशात २४ टक्के. त्याच गोव्यात दहांतल्या जवळजवळ चार बायकांच्या अंगात रक्त कमी.

वजन जास्त आणि रक्त कमी, एकाच बाईत? हो. मी बायकांना एक प्रश्न विचारते : कडीतला माशाचा मधला तुकडा कोणाच्या ताटात जातो? आधी हसतात, मग गप्प होतात. तुकडा मुलांना आणि पुरुषांना, शेपटी सासूबाईंना, आणि शेवटी बसणाऱ्या बाईला उरलेली कडी आणि त्यावर ओढून घेतलेला भात. पोट भरतं, पण प्रथिनं मिळत नाहीत, लोह मिळत नाही. दोन तासांनी पुन्हा खा-खा होते, मग चहा-बिस्कीट. जाऊबाईंना हे ‘लपून खाणं’ वाटतं. मला यात शेवटी जेवणाऱ्या बाईची भूक दिसते. त्यात तुमच्या वयात पाळी जाताना चरबी कुल्ह्यांवरून पोटाकडे सरकते, ते वेगळंच.

इथे माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी तुमच्याच वयाची एक बाई गुडघे दुखतात म्हणून आली. मी तपासायच्या आधीच म्हणाले, “बाय, तोंडाला कुलूप घाल.” ती पुढची सहा वर्षं कुठल्याच दवाखान्यात गेली नाही. आली तेव्हा पायाला जखम होती आणि साखर चारशेच्या वर. पायाची दोन बोटं काढावी लागली. तिला माझ्या एका वाक्याने दारातून परत पाठवलं होतं. तेव्हापासून वजनाबद्दल बोलायच्या आधी मी विचारते, बोललं तर चालेल का.

म्हणून मुलीचं ऐका. रात्रीचं जेवण तोडून तिचं वजन उतरलं तरी टिकायचं नाही. शरीर खर्च कमी करतं, भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात, आणि गेलेलं वजन बहुतेकदा परत येतं. बांधा बराचसा रक्तातून येतो. तिला माझ्याकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन जा. साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघू, आणि पाळी अनियमित असेल तर तेही. तिच्या वजनाची चर्चा पाहुण्यांसमोर होऊ देऊ नका. हे थांबवणं आईच्या हातात आहे. ज्यांनी नकार कळवला त्यांच्या घरी ती गेली नाही, हे मला तरी बरंच वाटतं.

आता काय करायचं. उद्यापासून तुम्ही सगळ्यांबरोबर बसा आणि मासळीचा एक तुकडा आधी स्वतःच्या ताटात घ्या. बांगडा, तारले, जे स्वस्त असेल ते. तळलेलं नको, कडीतलंच. भात मोजून दोन डाव, शक्यतो उकडा. उरलेल्या जागेत भाजी आणि अळसांदे किंवा कुळीथ. नारळाला घाबरू नका, पण रिफाइंड तेलाची पिशवी महिन्याला किती लागते ते लिहून ठेवा. आणि चहा : दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर. एका माणसाची महिन्याला दीड किलो! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहणं चांगलं म्हणते. कप दोनवर आणा, चमचा एकावर. चालायला रस्ता धोक्याचा असेल तर देवळाच्या प्रांगणात फेऱ्या घाला, आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, सकाळ-संध्याकाळ. स्नायू राहिले पाहिजेत.

४३ किलो विसरा. ७१ चे ६७ झाले आणि तिथे टिकले तरी साखर, रक्तदाब आणि गुडघे यांना फरक पडतो. यजमानांनी औषध चालू ठेवून हेच सगळं करायचं आहे. बारीक आहेत म्हणून त्यांना सूट नाही.

प्रश्न : वय ३४, वजन १०४ किलो, उंची १७० सेंटिमीटर. जिममधला मित्र वजन उतरवायचं इंजेक्शन मिळवून देतो म्हणतो. घेऊ का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : तुमचा बीएमआय ३६ आहे, तेव्हा औषधाचा विचार करण्यात काही गैर नाही आणि लाज तर अजिबात नाही. सेमाग्लुटाइडसारखी ही औषधं खरी आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी जवळजवळ १५ टक्के वजन उतरलं. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोनतृतीयांश परत आलं. म्हणजे हे लग्नापुरतं घ्यायचं औषध नव्हे. रक्तदाबाच्या गोळीसारखा त्याचा लांबचा विचार करावा लागतो, पैशाचाही. मळमळ, उलट्या होतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, चरबीबरोबर स्नायूही जातात. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कर्करोग झाला असेल तर ते देतच नाहीत.

मित्राकडून घेऊ नका. डोस महिन्या-महिन्याने चढवायचा असतो, औषध थंड ठेवावं लागतं, आणि त्याने आणलेल्या पेनात काय आहे हे त्यालाही माहीत नसतं. आधी उपाशीपोटी साखर, यकृताच्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या, रात्री घोरता का हे घरच्यांना विचारा, आणि ते कागद घेऊन फिजिशियनकडे जा. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) दाखवायचं असेल तर सकाळी लवकर बांबोळीला पोहोचा, ओपीडीची रांग मोठी असते.