मालिकेसाठी रडते, आजीसाठी नाही

अलीकडे पालकांकडून एक तक्रार मला वारंवार ऐकू येते. मूल पडद्यावरच्या पात्रांसाठी हुंदके देऊन रडते आणि घरच्या माणसांच्या बाबतीत मात्र कोरडे राहते. बोलणाऱ्याच्या आवाजात राग असतो आणि त्या रागाखाली आपले मूल भावनाशून्य तर झाले नाही ना, ही भीती असते. बडोद्यातल्या एका मराठी कुटुंबाची हकीकत यासाठी सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींतले मोजकेच संवाद ठेवले आहेत.

दांडिया बाजारात राहणाऱ्या आई आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या. मुलगी सयाजीराव विद्यापीठात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती. ज्या आजीने तिला लहानाचे मोठे केले ती गेल्यानंतर तिच्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते, आणि काही महिन्यांनी एका रात्री ती लॅपटॉपसमोर ओक्साबोक्शी रडताना आईला दिसली.

“ताई, रक्त पिणाऱ्या भुतांच्या प्रेमकथेसाठी हिला रडू येते,” आई म्हणाल्या, “आणि आजीच्या अस्थी चांदोदला नर्मदेत सोडल्या तेव्हा ही गाडीभाड्याचा हिशेब करत होती.”

मालिका होती ‘द व्हॅम्पायर डायरीज’, २००९ ते २०१७ या काळात आठ पर्वांत प्रसारित झालेली. अशा वेळी मालिका बंद करायला सांगावी असा सल्ला पालकांना अपेक्षित असतो. मी मात्र मुलीला त्या भागाची गोष्ट सांगायला सांगितली, कारण माणूस ज्या दृश्याकडे पुन्हा पुन्हा जातो तिथे त्याचे काहीतरी राहिलेले असते, असे माझे मत आहे आणि इतक्या वर्षांच्या कामाने ते अधिकच पक्के झाले आहे.

तो चौथ्या पर्वातला पंधरावा भाग, फेब्रुवारी २०१३ मधला. नायिका एलेना हिचे आईवडील आणि मावशी आधीच गेलेले आहेत, आणि आता धाकटा भाऊ जेरेमीही मारला गेला आहे. त्याच्या बोटात एक जादूची अंगठी आहे. तिच्यामुळे तो पुन्हा उठेल, असे एलेना सर्वांना सांगत राहते. ती आशा संपल्यावर ती शांतपणे घर पेटवण्याची तयारी करू लागते आणि भावाच्या मृत्यूचे कारण गावाला काय सांगायचे ते ठरवू लागते. मग ती कोसळते. तिच्यावर प्रेम करणारा डेमन तिला सांगतो की सगळ्या भावना बंद करून टाक, कारण या कथेतल्या व्हॅम्पायरांना तशी सोय आहे. ती तसे करते आणि भावाच्या देहासह घराला आग लावते.

“तुला नेमके कुठे रडू येते? ती कोसळते तिथे?” मी विचारले.

“नाही.” ती बराच वेळ थांबली. “त्याच्या आधी. ती घरभर ते आग लावायचे द्रव शिंपडत असते, लोकांना काय सांगायचे याचा विचार करत असते, आणि रडत नसते. तिथे.”

“त्या दिवशी तू काय करत होतीस?”

“आजीचे आधार कार्ड शोधत होते. खासवाडीच्या स्मशानात लागेल म्हणून.”

एवढे बोलून ती रडू लागली, आणि या वेळी समोर पडदा नव्हता. मी बोलले नाही, पाण्याचा पेलाही लगेच पुढे केला नाही. रडणाऱ्या माणसापुढे घाईने धरलेला पेला पुष्कळदा ‘आता पुरे’ असेच सांगतो.

तिला एलेनामध्ये स्वतःची मृत्यूच्या दिवशीची लगबग दिसली होती. आपल्याकडे घरातल्या मृत्यूनंतर कामे इतकी असतात की एखाद्याच्या अंगावर ती येतातच, आणि जो ती निभावतो त्याला खंबीर म्हणून वाखाणले जाते. पुढे रडावे तर ती शाबासकी आडवी येते. परक्याच्या दुःखावर रडायला मात्र कोणाचीच हरकत नसते. करुण रसाचा स्थायीभाव शोक मानणाऱ्या आपल्या परंपरेला ही वाट अनोळखी नाही. स्ट्रोबे आणि शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेली उपपत्ती मला म्हणूनच जवळची वाटते. शोक करणारा माणूस दुःख आणि रोजचे व्यवहार यांच्यात ये-जा करत असतो, असे ती सांगते. या मुलीची व्यवहाराकडची फेरी फार लांबली होती, इतकेच.

पुढच्या भेटीत मी विचारले, “तुमच्या घरात भावना बंद कर असे कोण म्हणाले?” तिला आठवावे लागले नाही. “मामा. आईला सांभाळायचे आहे, तू रडू नकोस, म्हणाले. प्रेमानेच म्हणाले.” डेमनही प्रेमानेच म्हणतो, असे तिने त्याच्या बचावासाठी जोडले. ते मला मान्य आहे. परंतु एलेना त्याच्या रक्ताने व्हॅम्पायर झाल्यामुळे त्याच्या शब्दाशी बांधलेली आहे, म्हणून त्याची विनंती ही विनंती उरत नाही. शोकाच्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या तोंडून निघालेल्या वाक्याचेही तसेच होते. तेव्हा घरातल्या तरुणांना खंबीर राहा म्हणण्याआधी थोडे थांबावे आणि तेराव्यानंतर, पाहुणे गेल्यावर, मृत व्यक्तीविषयी त्यांच्याशी मुद्दाम बोलावे. ते रडत नसतील तर बळे रडवू नये. काही माणसे मुळातच कमी रडतात आणि त्यात आजार नसतो. मूल पुन्हा पुन्हा एकच दृश्य पाहत असेल तर शेजारी बसून ते पाहावे आणि काय आवडते ते विचारावे. मात्र झोप आणि जेवण दीर्घकाळ बिघडले असेल, अभ्यास पूर्ण सुटला असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे शब्द येत असतील, तर मालिकेवर चर्चा करत न बसता मानसोपचारतज्ज्ञांना विनाविलंब भेटावे.

या आईंनी तो भाग मुलीसोबत पाहिला. त्यानंतर दोघी आजीविषयी उशिरापर्यंत बोलल्या, असे मुलीने मला सांगितले. आईंनी स्वतः फोनवर सांगितले ते वेगळेच होते. त्यांना डेमनपेक्षा त्याचा भाऊ स्टेफन अधिक भरवशाचा वाटतो, मुलीला हे अजिबात पटत नाही, आणि आता पुढचे भाग दोघी मिळून पाहत आहेत.