सेल्सफोर्समध्ये एक ऑर्डर नीट सेव्ह होते, पण शीट चढवली की '१०१ क्वेरी'ची एरर येते. उधारी मर्यादेचा ट्रिगर कसा लिहावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीतून तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागातल्या कृषी सेवा केंद्रांना द्राक्षाची औषधं पुरवणाऱ्या वितरकाचं सेल्सफोर्सवरचं (ग्राहक आणि ऑर्डरींचं ऑनलाइन सॉफ्टवेअर) काम आहे. दुकानाची उधारी मर्यादा ओलांडली की ऑर्डर थांबावी म्हणून अ‍ॅपेक्स (सेल्सफोर्सची कोडिंग भाषा) ट्रिगर, म्हणजे नोंद सेव्ह होताना आपोआप चालणारा कोड, लिहिलाय. हाताने भरलेली ऑर्डर व्यवस्थित जाते. फळछाटणीच्या गर्दीत ३०० ऑर्डरींची शीट डेटा लोडरने (शीटमधल्या ओळी एकदम चढवणारं साधन) चढवली की 'टू मेनी एसओक्यूएल क्वेरीज: १०१' येतं, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या क्वेऱ्या फार झाल्या. आणि हेच फ्लोमध्ये (कोड न लिहिता बांधलेलं ऑटोमेशन) केलं तर चालेल का?

तुमची क्वेरी फॉर लूपच्या आत आहे, हे कोड न बघताही सांगता येतं. ट्रिगरकडे ऑर्डरी एकेक करून येत नाहीत, २०० पर्यंतचा गठ्ठा एकदम येतो. एका ट्रान्झॅक्शनमध्ये (एक तर पूर्ण होणारं, नाहीतर पूर्ण परत येणारं एक काम) क्वेऱ्या १०० च चालतात. प्रत्येक ऑर्डरला एक क्वेरी म्हटलं की १०१ व्या ऑर्डरला गाडी अडते आणि आधीच्या १०० सकट अख्खा गठ्ठा परत येतो. बॅच साइझ ५० करा असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. ही मर्यादा तुमच्या एकट्या ट्रिगरची नाही, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये चालणारे बाकीचे ट्रिगर आणि फ्लोही तिच्यातूनच खातात. आज ५० ला जमेल, उद्या कोणी एक फ्लो वाढवला की पुन्हा तेच.

ट्रिगर बिफोर इन्सर्ट आणि बिफोर अपडेट ठेवा. पहिल्या लूपमध्ये फक्त दुकानांचे आयडी एका सेटमध्ये गोळा करा. अपडेटच्या वेळी ऑर्डरची जुनी नोंद ताडून बघा आणि रक्कम, दुकान किंवा स्थिती बदललेल्या ऑर्डरीच तपासायला घ्या. नाहीतर गोडाऊनवाल्याने नुसता गाडी नंबर टाकला तरी आधीच मंजूर झालेली ऑर्डर पुन्हा अडकते.

मग लूपच्या बाहेर दोनच क्वेऱ्या. पहिली त्या सेटमधल्या दुकानांची उधारी मर्यादा आणि येणे बाकी आणते, ती मॅपमध्ये (आयडीवरून नोंद शोधायची यादी) ठेवा. या क्वेरीला 'फॉर अपडेट' लावा, म्हणजे काम संपेपर्यंत त्या नोंदींना कुलूप लागतं. दोन ठिकाणांहून एकाच दुकानाच्या ऑर्डरी एकाच वेळी सेव्ह झाल्या तर दोघांनाही जुनीच शिल्लक दिसायला नको. दुसरी क्वेरी मंजूर झालेल्या पण बिल न झालेल्या ऑर्डरींची दुकानवार बेरीज आणते. अपडेटच्या वेळी तपासायला घेतलेल्या ऑर्डरी तिच्यातून वगळा. इन्सर्टला वगळायचं काही नसतं, आयडी अजून मिळालेलेच नसतात आणि बिफोर इन्सर्टमध्ये ट्रिगरचा न्यू-मॅप (आयडीवार नव्या नोंदी) नल, म्हणजे रिकामा असतो. या बेरजेत मोजलेल्या सगळ्या ओळी ५०,००० च्या मर्यादेत धरल्या जातात, म्हणून बिल झालेल्या जुन्या ऑर्डरी फिल्टरनेच बाहेर ठेवा.

खरी गोम यापुढे आहे, आणि क्वेरी बाहेर काढून थांबणारे इथेच फसतात. समजा एका दुकानाची मर्यादा ५,००,००० आणि बाकी ३,८०,०००. जागा उरली १,२०,०००. शीटमध्ये त्याच दुकानाच्या ५०,००० च्या तीन ऑर्डरी आहेत. प्रत्येक ऑर्डर सुटी तपासली तर तिन्ही पास होतात आणि दुकान ३०,००० ने वर जातं. म्हणून दुसऱ्या लूपमध्ये दुकानवार चालू बेरजेचा मॅप ठेवा. सुरुवात येणे बाकी अधिक खुल्या ऑर्डरींपासून करा, ऑर्डर पास झाली की तिची रक्कम त्यात मिळवा, थांबली तर मिळवू नका. रोल-अप समरी फील्डवर (खालच्या नोंदींची बेरीज आपोआप दाखवणारं फील्ड) विसंबू नका, ते सेव्ह झाल्यानंतर मोजलं जातं, बिफोर ट्रिगरमध्ये जुनाच आकडा दिसतो.

तुमच्या फ्लोच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. फ्लो क्वेऱ्या आपोआप एकत्र करतो, पण प्रत्येक ऑर्डरचा इंटरव्ह्यू (फ्लोची एक फेरी) वेगळा असतो, एकाला दुसऱ्याची बेरीज कळत नाही. तारीख भरणं, कोरं फील्ड अडवणं असल्या गोष्टी फ्लोला नाहीतर व्हॅलिडेशन रूलला द्या. उधारी अ‍ॅपेक्समध्येच ठेवा.

ज्या दुकानाची एकही खुली ऑर्डर नाही, ते बेरजेच्या क्वेरीत शून्य म्हणून येत नाही, येतच नाही. मॅपमधून नल मिळतो आणि बेरीज करताना नल पॉइंटरची एरर येते. मर्यादा कोरी असलेल्या दुकानाचंही तसंच. कोरी म्हणजे उधारी बंद की कितीही चालेल, हे मालकाकडून लेखी घ्या.

मर्यादा ओलांडली की अ‍ॅड-एरर लावण्यापेक्षा (म्हणजे ऑर्डर नाकारण्यापेक्षा) स्थिती 'मंजुरीसाठी थांबवली' करणं माझ्या मते बरं. एरर दिली तर ती ओळ डेटा लोडरच्या एरर फाइलमध्ये जाते आणि तिथेच पडून राहते. थांबवलेली ऑर्डर मॅनेजरला यादीत दिसते. फक्त त्याने मंजूर केल्यावर ट्रिगर पुन्हा अडवणार, तेव्हा त्याला एक कस्टम परमिशन द्या आणि कोडमध्ये ती तपासा. प्रोफाइलचा आयडी कोडमध्ये लिहू नका, सँडबॉक्समध्ये (चाचणीची प्रत) नव्याने केलेल्या प्रोफाइलचा आयडी प्रॉडक्शनला (प्रत्यक्ष वापरातली सिस्टिम) जुळत नाही.

ट्रिगर दोनदा चालू नये म्हणून स्टॅटिक बूलियन (ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत टिकणारी हो/नाहीची खूण) लावायची पद्धत आहे. ती इथे घातक. कोडमधून ३०० ऑर्डरी एकदम इन्सर्ट केल्या तर पहिल्या २०० ला तो बूलियन ट्रू होतो आणि उरलेल्या १०० न तपासताच निसटतात. त्याऐवजी अपडेटच्या वेळी तपासलेले आयडी सेटमध्ये ठेवा; इन्सर्टला आयडी नसतात, तिथे हा अडसर लावूच नका.

प्रॉडक्शनवर चढवायला ७५ टक्के कव्हरेज (टेस्टमध्ये चाललेल्या कोडचं प्रमाण) लागतं, पण एका ऑर्डरीच्या टेस्टनेही ते भरतं, त्याचा उपयोग नाही. टेस्टमध्ये २५० ऑर्डरी घ्या, त्यातल्या काही एकाच दुकानाच्या, एक दुकान मर्यादा कोरी असलेलं. पास किती आणि थांबल्या किती, हे असर्ट करा. शिवाय क्लायंटची एडिशन आधी बघा, प्रोफेशनलमध्ये अ‍ॅपेक्स लिहिता येत नाही.

येणे बाकी टॅलीतून येत असेल तर ट्रिगरमधून थेट कॉलआउट (बाहेरच्या सिस्टिमला विचारणा) करता येत नाही. रात्री शेड्यूल केलेल्या बॅचने ती दुकानावर लिहून ठेवा. बिल झाल्यावर ऑर्डरची स्थितीही त्याच बॅचने बदला, नाहीतर तीच रक्कम बाकीतही आणि खुल्या ऑर्डरीतही धरली जाते आणि चांगलं दुकान विनाकारण अडतं.

बल्क एपीआयने (डेटा लोडरची मोठ्या गठ्ठ्यांची पद्धत) चढवताना 'अनएबल टू लॉक रो', म्हणजे नोंदीला कुलूप लावता आलं नाही, असं आलं तर शीट दुकानाच्या कोडप्रमाणे लावून घ्या. तरीही आलं तर डेटा लोडरच्या सेटिंगमध्ये सीरियल मोड (गठ्ठे एकामागून एक) चालू करा. वेळ जास्त लागेल, पण ३०० ओळींना त्याचं काही वाटणार नाही.