विकिपीडियावरचे लेखन आणि मुलीचे करिअर

पालक महोदय,
स.न.वि.वि.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात इतिहास शिकणारी आपली मुलगी रोज संध्याकाळी मराठी विकिपीडियावर लिहीत बसते, तिने गावावर लिहिलेला मजकूर कोणीतरी काढून टाकल्यापासून ती हिरमुसली आहे आणि या नादातून पुढे पोटापाण्याचे काय, असे आपण विचारले आहे. या कामाचे मानधन मिळत नाही, हे आधीच सांगतो. तरीही तिला थांबवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मजकूर गेला, कारण तो यात्रेच्या स्मरणिकेतून जसाच्या तसा उतरवला होता. छापील मजकुरावर कोणाचा तरी स्वामित्वहक्क असतो; माहिती घ्यावी, पण वाक्ये आपली असावीत आणि खाली संदर्भ द्यावा. हे शिकवायचे कसे, ते एका उदाहरणाने सांगतो. 'शाहू महाराजांनी मागासवर्गीयांना आरक्षण दिले' हे वाक्य कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही पाठ असते आणि म्हणूनच ते संदर्भाविना लिहिले जाते. तिला ग्रंथालयात शोधायला लावा. आदेश २६ जुलै १९०२ चा आहे, तो संस्थानाच्या गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाला, त्या वेळी महाराज इंग्लंडमध्ये होते आणि यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांनी भराव्यात असे त्यात होते, एवढे हाती लागले की त्याच वाक्याला वजन येते. मग लेखक, ग्रंथ, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठक्रमांक यांसह संदर्भ जोडायचा. मूळ गॅझेट पाहायला मिळाले तर उत्तमच, परंतु त्यावरून स्वतः काढलेला निष्कर्ष विकिपीडियावर चालत नाही. तो अभ्यासकाने आधी कुठेतरी मांडलेला असावा लागतो. हा फरक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही पटकन उमगत नाही.

प्रकाशनसंस्थेतील संपादन, वृत्तपत्रातील तथ्यपडताळणी, अनुवाद, पुराभिलेखागार, ग्रंथालय या सगळ्या कामांत 'हे कुठून कळले?' हाच प्रश्न रोज विचारला जातो. लेखाच्या 'इतिहास' पानावर तिचा प्रत्येक बदल तारखेसह नोंदला जातो, त्यामुळे मुलाखतीला जाताना प्रमाणपत्राबरोबर प्रत्यक्ष काम दाखवता येते. पदवीनंतर शिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र किंवा पत्रकारिता, दोन्ही वाटा तिला खुल्या आहेत. मात्र पैसे घेऊन कोणासाठी लेख लिहिला, तर विकिपीडियाच्या नियमानुसार ते जाहीर करावे लागते; घरच्या दुकानावर किंवा नातेवाइकांवर तर तिने लिहूच नये.

परीक्षा होईपर्यंत आठवड्यातून दोन तास पुरेत. येत्या रविवारी करवीर नगर वाचन मंदिरात तिच्यासोबत जा, गावाच्या इतिहासावर एखादे पुस्तक मिळते का ते पाहा आणि नवा परिच्छेद तिला आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरील सरावाच्या पानावर, लिहू द्या. जुना मजकूर ज्यांनी काढला, त्यांना तिने लेखाच्या चर्चापानावर नम्रपणे कारण विचारावे. बहुतेक जाणती मंडळी तिथे नवख्यांना हाताला धरून शिकवतात.

आपला,
करिअर मार्गदर्शक, कोल्हापूर